हाताला घाम सुटतो तेव्हा



'पाणिग्रहण' या शब्दातला 'पाणि' म्हणजे हात, हे शाळेत शिकलो होतो. पण आमच्या लग्नात माझा हात हाती आल्यावर पत्नीला वाटलं, या विधीचा पाण्याशीच काही संबंध असावा! आज हे हसत सांगतो. त्या दिवशी मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

लहानपणापासून माझ्या तळहातांना घाम सुटतो. वैशाखात सुटतोच, पण पौषातल्या थंडीतही सुटतो. नोकरी केली ड्राफ्ट्समनची. ट्रेसिंग पेपरवर हाताखाली रुमाल ठेवल्याशिवाय एक रेघ ओढता आली नाही. मुलाखतीत साहेब म्हणायचे, "घाबरू नका." मी घाबरलेला नसायचो, घाम दिसेल म्हणून घाबरायचो, आणि मग तो आणखी सुटायचा. घरच्यांचं निदान एकच, 'अंगात उष्णता आहे.' सब्जा, वाळा, धण्या-जिऱ्याचं पाणी, सगळं झालं. हा एक विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही मुलीमुळे.

माझा हा वारसा नेमका तिच्याकडे गेला. बारावीच्या सराव परीक्षेत उत्तरपत्रिकेचं पान ओलं होऊन फाटलं. हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटेना. तिनं कुठंतरी वाचलं, की यावर ऑपरेशन असतं. मग हट्टच धरला, "बाबा, परीक्षेआधी करून टाकू." खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. माझे गेले तसे तिचे दिवस जाऊ नयेत, एवढंच मनात होतं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी प्रश्न विचारले. झोपेत घाम येतो का? दोन्ही हातांना सारखाच येतो का? वजन घटलंय का, छातीत धडधडतं का? रात्री अंथरूण भिजत असेल किंवा मोठेपणी अचानक घाम सुरू झाला असेल, तर थायरॉइड, क्षय, रक्तातली साखर उतरणं, एखादं औषध अशी कारणं आधी शोधावी लागतात. मुलीचं तसं काही नव्हतं. तिचा घाम झोपेत थांबायचा. याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. घामाच्या ग्रंथी चांगल्याच असतात. त्यांना हुकूम सोडणाऱ्या मज्जातंतूंचा उत्साह जास्त असतो.

"हा जिना आहे," डॉक्टर म्हणाल्या, "खालून चढायचा." पहिली पायरी म्हणजे अॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध, साधारण २० टक्क्यांचं. रात्री कोरड्या हाताला लावायचं, सकाळी धुवायचं. दुसरी आयन्टोफोरेसिस. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात ठेवून यंत्रातून सौम्य वीजप्रवाह सोडतात, सुमारे २० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे करायचं नाही. ग्लायकोपायरोलेटसारख्या गोळ्याही आहेत. त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. शिवाय घामच आटला तर उन्हाळ्यात अंग तापण्याचा धोका. बोटॉक्सची इंजेक्शनं काखेतल्या घामावर चांगली. गुण साधारण सहा महिने टिकतो. तळहातात मात्र ती दुखतात, काही दिवस पकड ढिली पडू शकते, आणि खर्चही मोठा.

"आणि ऑपरेशन?" मुलीनं विचारलं.

छातीला लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीतून पाहत ती मज्जातंतूची साखळी कापतात किंवा चिमट्यानं दाबतात. बहुतेकांचे हात लगेच कोरडे होतात. "पण," डॉक्टर म्हणाल्या, "अनेकांच्या बाबतीत घाम मग पाठीवर, पोटावर, मांड्यांवर सुटू लागतो. कुणाला थोडा, कुणाला कपडे बदलावे लागतील इतका. आणि कापलेलं पूर्ववत होईल याची खात्री नाही. ऑपरेशन केल्याचा पस्तावा झालेले रुग्णही असतात. खालच्या पायऱ्या चढून झाल्याशिवाय मी तुला तिथं पाठवणार नाही."

परतताना मुलगी गप्प होती. मीही. पैशांची जुळवाजुळव मी मनात करून ठेवली होती. जिन्याच्या बाकीच्या पायऱ्या मात्र मला ठाऊकच नव्हत्या.

मलमानं तिच्या हाताची आग झाली. मग यंत्र घेतलं. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही. चौथ्या आठवड्यात वहीचं पान कोरडं राहू लागलं. घाम पूर्ण गेलेला नाही. यंत्र थांबवलं की परततो, म्हणून आठवड्यातून एकदा ते चालूच आहे. पण बारावीचे सगळे पेपर तिनं रुमालाशिवाय लिहिले.

श्रोते हो, तुमच्या घरात एखादं मूल हात सतत पाठीमागे लपवत असेल, तर 'भित्रा' म्हणून त्याला चिडवू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा.

आता दर रविवारी तिचं झालं, की त्या ट्रेमध्ये मीही हात ठेवतो. परवा पत्नीनं माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "तीस वर्षांनी झालं म्हणायचं पाणिग्रहण!"