शिष्यवृत्तीचा हक्क आणि यंत्राचा निर्णय

(बुद्धविहारातील पालक-विद्यार्थी सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मुलामुलींना महाविद्यालयात व विद्यापीठात जे अर्थसाहाय्य मिळते, त्याचा कारभार आता कारकुनाच्या हातून यंत्राच्या हाती चालला आहे. या बदलाचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण त्यापुढे मान तुकविण्याचेही कारण नाही.

हा पैसा आला कोठून, ते आधी पाहू. १९१३ साली बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. तिची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. शिष्यवृत्ती थांबली म्हणजे काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली. १९४४ पासून चालू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्या मागणीचे फळ होय. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्राच्या सवलतींना आपण मुकलो; त्या १९९० च्या कायद्याने परत मिळाल्या. चौतीस वर्षे लढून परत मिळविलेल्या गोष्टीला कोणी मेहेरबानी म्हणू नये.

महाराष्ट्रात या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हाच पात्रता, जात, आधार ओळख आणि बँक खाते यांची तपासणी यंत्राने करावी व पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावा, असे ठरले. यात चांगलेही आहे. टेबलाखालून हात पुढे करणारा मधला माणूस त्यामुळे पुष्कळ अंशी दूर झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु यंत्र अक्षराला अक्षर जुळवून पाहते. माणूस ओळखत नाही. नुकत्याच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे नीट ध्यानात घ्यावे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू लिहिलेले, मुलाच्या दाखल्यावर बौद्ध. जुने जातिवाचक आडनाव सोडून राजपत्रात नवे नोंदविलेले, पण आधारवर जुनेच राहिलेले. मुलीच्या नावात बँकेने एक अक्षर कमी घातलेले. गावच्या तलाठ्याला यात काहीच विसंगत वाटत नाही. यंत्राला मात्र एकाच्या जागी दोन माणसे दिसतात आणि अर्ज अडकतो. जो समाज आपले नाव स्वतः ठरवू लागला आहे, त्यालाच या तपासणीचा फटका अधिक बसावा, हा विलक्षण न्याय आहे!

यंत्राला चुकीचे गणित शिकविले तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले. तेथे सरकारी भत्ता घेणारे लोक, ज्यांत विद्यार्थीही होते, दर पंधरवड्याची कमाई कळवीत. सरकारने वर्षाची कमाई सव्वीस पंधरवड्यांत सारखी वाटून त्यांच्या सांगण्याशी ताडण्याची पद्धत यंत्राला लावून दिली. जो विद्यार्थी सुट्टीत चार महिने राबला आणि उरलेले वर्ष शिकला, तो या गणितात बारा महिने कमावणारा ठरला आणि त्याच्या नावे कर्ज निघाले. आपले नव्हते हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. २०१६ ते २०१९ हा प्रकार चालला. तो बेकायदेशीर ठरला. २०२० साली सुमारे ४ लाख ७० हजार कर्जांपोटी ७२ कोटी डॉलर परत करण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. हंगामी मजुरीवर जगणाऱ्या आपल्या घरांना या गणिताचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील अटलांटाचे. तेथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ पासून नव्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना मोबाइलवर रात्री-अपरात्री उत्तरे देणारे यंत्र ठेवले. अर्थसाहाय्याच्या अर्जात कोणता कागद राहिला, मुदत केव्हा संपते, हे ते सांगे. आणि जे त्याला येत नसे ते कर्मचाऱ्याकडे पाठवी. त्यामुळे प्रवेश घेऊनही उन्हाळ्यात गळून पडणाऱ्या मुलांचे प्रमाण घटले. तेथे यंत्र नकार देण्यासाठी नव्हते, गाठण्यासाठी होते. माझ्या मते सारा फरक येथे आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. नेमलेला नियम लावणारे यंत्र वेगळे. जुन्या नोंदी वाचून अमुक अर्ज संशयास्पद आहे, असा अंदाज बांधणारे यंत्र वेगळे. पहिल्याची चूक दाखविता येते. दुसऱ्याने संशय का घेतला, ते पुष्कळदा चालविणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय जुन्या नोंदी म्हणजे जुन्या कचेऱ्यांचे जुने निर्णय. ज्यांचे अर्ज पूर्वी आकसाने अडविले गेले, त्यांच्यासारखेच अर्ज यंत्र पुन्हा अडवील, आणि वर म्हटले जाईल की यंत्राला जात कळत नाही. केवळ कोणी मोठे सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. संगणक सांगतो म्हणून मानावे, अशी सूट त्यात कोठे आहे?

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. मंजुरी यंत्राने तत्काळ द्यावी. नकार मात्र नाव व हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याने, लेखी कारण देऊन, सहीनिशी द्यावा. ही नवी मागणी नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कचेरीने आपल्या निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. पडद्यावर उमटलेला ‘त्रुटी’ हा एक शब्द कारण होऊ शकत नाही. आणि निर्णय लागेपर्यंत महाविद्यालयाने परीक्षेचा अर्ज अडवू नये, हेही त्यासोबत मागावे.

सभा संपल्यावर डाव्या बाजूच्या टेबलाशी आपले चार पदवीधर तरुण बसतील. ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्यांनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक आणि नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत दाखवावी. पाचही कागदांवरील नाव अक्षरशः ताडून पाहिले जाईल आणि कारण मागणारा अर्ज येथेच लिहून दिला जाईल. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर कचेरीची पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नका.