पांदणीच्या वाटेनं लोणारला

भाकरी तव्यावर असेल तर नजर तिकडं राहू द्या, कान तेवढे इकडं ठेवा. आज मी तुम्हाला सायकलवर बसवून लोणारला नेणार आहे. हसू नका. मी 41 वर्षांची आहे आणि मागच्या दिवाळीपर्यंत मला सायकल येत नव्हती.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं. गावात शाळा दहावीपर्यंत. अकरावीला जायचं तर डांबरी रस्त्यानं 11 किलोमीटर, आणि एस.टी.च्या वेळा कॉलेजच्या वेळेला जुळत नाहीत. वावरातून जाणारी पांदण मात्र थेट निघते, 6 किलोमीटरच. पोरीला आठवीत मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली. ती म्हणाली, मी पांदणीनं जाईन. तिचे बाबा म्हणाले, त्या रानातून एकटी पोरगी कशी जाईल? झालं, विषय बंद.

मला राग आला, पण खरं सांगते, भीती मलाही होतीच. म्हटलं, आपण नुसतं घरात बसून भ्यायचं कशाला, आधी वाट तर पाहून येऊ. पायी गेले तर दिवस जातो. म्हणून पोरीलाच म्हटलं, मला सायकल शिकव.

बचत गटातल्या तिघी जणी आपणहून आल्या. शाळेच्या मैदानावर दिवेलागणीला शिकायचो, म्हणजे लोक कमी बघतात. सीट एवढं खाली केलं की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पायडल मारायचंच नाही, नुसतं पायानं ढकलत तोल धरायचा. चार दिवसांत तोल आला. लुगड्याचा काठ साखळीत गेला आणि फाटला, तेव्हापासून आम्ही चौघी पंजाबी ड्रेसवर आलो. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पडली तर नाही ना कुठं?"

बायांनी सायकल शिकणं हे काही आम्हीच काढलेलं खूळ नाही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा जिल्हा आहे. तिथं 1991 च्या सुमारास साक्षरतेची चळवळ चालली होती, आणि अक्षरांच्या बरोबरीनं बायांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या, त्यांनी ते धरून लावलं. लाखाच्या वर बाया शिकल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलंय. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, सगळ्या. पोरीनं मला हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला परत वाचायला लावलं.

आता पांदणीचं. डांबरावर शिकलेली बाई पांदणीवर आली की पहिल्यांदा पडते. मी पडले. मुरुमावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं, म्हणून मागचाच धरायचा आणि वेग आधीच कमी करायचा. चाकात हवा थोडी कमी ठेवली तर सायकल उडत नाही. खडी आली की हँडल घट्ट आवळायचं नाही, हात सैल ठेवायचे, सायकल आपली वाट आपण काढते. पावसाळ्यात मात्र नादच सोडा. आपली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि बाभळीचा काटा! पंक्चरचं सामान आणि हातपंप घेतल्याशिवाय निघायचंच नाही. टाकळीच्या पानासारखी नाजूक ट्यूब असते ती.

पोरीनं मोबाइलवर फ्रान्स देशातली माणसं दाखवली. जाड चाकांच्या सायकली घेऊन मुद्दाम कच्च्या रस्त्यानं हिंडतात, शेतं, जुने वाडे, जुनी चर्च बघत. त्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात, म्हणजे खडीमुरुमाची सायकल. तिथं एक मिदी कालवा आहे, 240 किलोमीटर लांब, 1666 ते 1681 या काळात खोदलेला. म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराज होते तेव्हाचा. नावा ओढायची जी काठची वाट होती तिच्यावरून आता सायकली चालतात. तो कालवा खोदायला डोंगरातल्या शेतकरी बायाही होत्या, हे ऐकून आमच्या गटातली एक म्हणाली, "रोजगार हमीवर आपण तरी काय करतो?" मग म्हटलं, आपल्याकडं पांदण आहे, मुरूम आहे, जुनी देवळं तर कितीक आहेत. मेहकरची शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची उंच मूर्ती 1888 साली जमिनीतून निघाली, ती आपण दर वर्षी बघतो. लोणारला मात्र आम्हा चौघींपैकी दोघी कधीच गेल्या नव्हत्या. 22-23 किलोमीटरवर राहून!

सोयाबीन निघाल्यावर, कापसाच्या वेचणीतला एक दिवस काढून, आम्ही चौघी आणि पोरगी पहाटे निघालो. आडवाटेनं, वावरांच्या कडेनं. तुरीला फुलं होती, हरभरा नुकता वर आला होता. मध्ये समृद्धी महामार्ग लागतो. त्याच्यावर सायकलला परवानगी नाही, फटफटीलासुद्धा नाही. आम्ही खालच्या बोगद्यातून गेलो. डोक्यावरून गाड्या नागपूर-मुंबई धावतात आणि खाली आम्ही शेळ्यांना वाट देत उभ्या. सुलतानपूरच्या अलीकडं काटा लागला. पोरीनं पंक्चर काढलं, मी नुसतं पाणी धरलं. पोचायला साडेतीन तास लागले.

लोणार गावात आधी दैत्यसूदनाचं देऊळ. दगडी देऊळ दिसलं की आपण लगेच हेमाडपंती म्हणतो, पण जाणकार हे त्याच्याही आधीचं, चालुक्यांच्या काळातलं मानतात. भिंती सरळ नाहीत, कोन काढत काढत चांदणीसारख्या फिरलेल्या आहेत. बाहेर बोट ठेवायला जागा नाही इतकं कोरीव काम. आत अंधार, डोळे सरावले की छत दिसायला लागतं. लोणासुर नावाचा दैत्य इथं खड्ड्यात राहायचा, विष्णूनं त्याला मारलं, म्हणून देव दैत्यसूदन. आम्ही मान वर करून इतक्या उभ्या राहिलो की मान आखडली.

सायकली धारेवर लावल्या. धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारं पाणी. तिथं पायावर पाणी घेतलं तेव्हा साडेतीन तासांचा शीण उतरला. तिथून खाली सरोवराकडं पायीच जायचं, ते अभयारण्य आहे. वरून तो खड्डा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणी बोललंच नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, गोल, जणू कुणी वाटी दाबून काढली. आकाशातून आलेल्या उल्केच्या धडकेनं झालाय. काळ्या कठीण खडकात, ज्याच्यावर आपली सगळी शेती उभी आहे त्या खडकात, असं विवर जगात फार कमी. त्याचं वय आधी 50 हजार वर्षं सांगत, पुढच्या अभ्यासात साडेपाच लाखांच्या वर निघालं. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते शोधलं असं पुस्तकात असतं. शोधलं म्हणे! कमळजादेवीची ओटी भरायला बाया कधीपासून उतरत होत्या, त्यांना विचारायला पाहिजे होतं.

पाणी खारट, हाताला साबणासारखं बुळबुळीत. 2020 च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. लोक घाबरले, काय काय बोलले. ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं झालं होतं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, म्हणजे जगानं जपण्यासारखी पाणथळ जागा.

कमळजादेवीपुढं आम्ही ओटी भरली आणि काठावर भाकरी-ठेचा खाल्ला. पोरगी पाण्याकडं बघत म्हणाली, "आई, हे दगडाचं शास्त्र शिकायला कुठं जावं लागतं?" मला माहीत नव्हतं. एवढं कळलं की आधी अकरावीला तर जावं लागतं.

परत येताना सायकलवर आलो असं सांगितलं तर खोटं होईल. मांड्या दगड झाल्या होत्या. बाजार समितीत सोयाबीन टाकून रिकामा चाललेला छोटा हत्ती मिळाला, पाची सायकली त्यात चढवल्या आणि गावच्या फाट्यावर उतरलो. फाट्यापासून घरापर्यंत मात्र चालवत आलो, तेवढी ऐट पाहिजेच.

पोरीचे बाबा काही बोलले नाहीत. जेवताना फक्त विचारलं, नाल्यापाशी सायकल उतरून न्यावी लागते का. मी म्हटलं, लागते, आणि बाभळी इतक्या वाढल्यात की पलीकडचं माणूस दिसत नाही, भीती रानाची नाही, त्या झाडोऱ्याची आहे. दोन दिवसांनी संध्याकाळी मी वावरातून येत होते. नाल्यापाशी कुऱ्हाडीचा आवाज. पाहते तर हे एकटेच बाभळीच्या फांद्या तोडून बांधावर टाकत होते. मी थांबले नाही, पुढं निघून आले.

गटाच्या बैठकीत आम्ही अर्ज लिहिला आहे: पांदणीवर मुरूम टाकावा, नाल्यावर पाइप टाकून मोरी करावी. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तो द्यायचा आहे. शेत-पांदण रस्त्यांसाठी सरकारी योजना असते, ग्रामपंचायतीत विचारा, तुमच्याही गावात लागू असेल. अर्ज तोंडी देऊ नका. पोच घ्या.

पुढची फेरी सिंदखेडराजाची ठरली आहे. जिजाऊ माँसाहेबांचा जन्म 12 जानेवारी 1598 चा, त्या दिवशी तिथं मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून आम्ही नंतरच्या आठवड्यात जाणार. राजवाडा, मोती तलाव, आणि लखुजी जाधवरावांची समाधी. 1629 साली देवगिरीवर लखुजींना दगा झाला, त्यांच्या मुलांसकट. माहेरची एवढी माणसं एका दिवसात गेली तेव्हा जिजाऊ एकतीस वर्षांच्या होत्या. ती समाधी मला शांतपणे बघायची आहे. अंतर जास्त आहे, म्हणून सायकली टेम्पोनं दुसरबीडपर्यंत नेऊ आणि तिथून चालवू.

ज्यांना शिकायचं त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर यावं. सायकल नसली तरी चालेल, पोरीची आहे. फक्त ती दहावीला आहे, तेव्हा नऊ वाजता परत द्यायची.