पातळ फळी आणि आपली बोटे



चार मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी पाहून कोणासही भय वाटत नाही. जाड सागवान कापताना आपण सावध असतो. पातळ पट्टी मात्र तळहाताने दाबून चालत्या यंत्राकडे सरकवतो. धोका येथेच अधिक आहे.

टेबलावरील गोल करवतीचे १० इंची पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होतो. पुढचे दाते लाकूड खाली दाबतात. मागचे दाते खालून वर येतात. जड लाकूड स्वतःच्या वजनाने टेबलावर बसून राहते. पातळ फळी थरथरते, मागच्या दात्यांवर चढते आणि कापणाऱ्याच्याच दिशेने फेकली जाते. तिच्यावर टेकलेला हात आधार सुटताच पात्यावर जातो.

म्हणून फळी दाबण्याचे काम हाताकडे सोपवू नये. रुंद तळाचा, मागे टाच असलेला लाकडी ठोकळा घ्यावा. तो फळीला खाली दाबतो आणि पुढेही ढकलतो. नुसती काठी मागून रेटल्यास पुढचे टोक वर उचलले जाते. गाइडपट्टी व टेबल यांच्यात फट असेल, तर फळीची कड तीत घुसते; गाइडपट्टीला टेबलाशी टेकणारी सरळ पट्टी जोडावी. पाते फळीच्या वर एका दात्याइतकेच ठेवावे. फळी अतिशय पातळ असल्यास ती जाड टाकाऊ फळीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवून दोन्ही एकत्र कापाव्यात. वेळ थोडा जातो, पण कापही स्वच्छ येतो. पात्यामागील पोलादी पाचर आणि वरचे झाकण ‘आड येते’ म्हणून काढण्याची सवय सर्वत्र दिसते, ती सोडावी.

हातमोजे येथे घालू नयेत; दाते कापड पकडून हात आत ओढतात. ओढणी व सैल बाह्या यांचेही तेच. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि पात्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. घरी सुतारकाम चालू असल्यास कारागीर जेवायला जाताना प्लग काढला आहे ना, हे आपण पाहावे. लहान मुलांना बटण फार लवकर सापडते.

तरीही बोट कापले गेलेच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना, चहापूड लावू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊती गोठून निकामी होतात. ११२ क्रमांकावर मदत मागावी. रुग्णास काही खाऊपिऊ घालू नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि ती पिशवी त्याच्यासोबतच रुग्णालयात पाठवावी.