दिल्लीतले आपले पत्ते

(दिल्ली आणि आसपास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खोलीत आहेत. काहींनी वाचलेत, काहींनी नुसते उशाशी ठेवलेत. चालतं, तेही चालतं. आज मी मजकुराबद्दल बोलणार नाही. प्रस्तावनेच्या शेवटी, सहीच्या आसपास, बारीक अक्षरात एक ओळ असते. आपण ती ओलांडून पुढे जातो. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

पहिल्या खंडात 'रानडे, गांधी आणि जीना' आहे. प्रस्तावना १९४३ची, पत्ता २२, पृथ्वीराज रोड, नवी दिल्ली. नवव्या खंडात काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं याचा हिशेब मांडणारं पुस्तक आहे. साल १९४५, पत्ता तोच. सातव्या खंडात 'द अनटचेबल्स' आहे. तारीख १ जानेवारी १९४८, पत्ता १, हार्डिंग अव्हेन्यू. म्हणजे अस्पृश्य मूळचे कोण होते, याचं उत्तर शोधणारं पुस्तक देशाचा कायदामंत्री आपल्या सरकारी बंगल्यातून छापायला पाठवत होता, आणि त्याच दिवसांत राज्यघटनेच्या मसुद्याचं कामही चालू होतं.

हार्डिंग अव्हेन्यूचं नाव आता टिळक मार्ग आहे. सुप्रीम कोर्टाच्या बाजूने तुम्ही रोज बसने जात असाल. याच पत्त्यावर १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी बाबासाहेबांचं लग्न झालं. रस्त्याला आपल्या एका मराठी माणसाचं नाव आहे याचा मराठी मंडळांना आनंद असतो, असू दे. पण त्या रस्त्यावर दुसरा एक मराठी माणूस राहत होता आणि संविधान घडवत होता, हे तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

सप्टेंबर १९५१मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर आणि इतर कारणांनी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिपद गेलं की बंगला जातो. मग ते सिव्हिल लाइन्समध्ये २६, अलीपूर रोड इथे राहायला गेले. घर सिरोहीच्या महाराजांचं, बाबासाहेब भाडेकरू. हा शब्द लक्षात ठेवा. मुंबईत दादरला त्यांनी राजगृह बांधलं, दिल्लीत मात्र शेवटपर्यंत स्वतःचं घर नव्हतं.

त्या भाड्याच्या घरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण झालं. नानकचंद रत्तू हे पंजाबी गृहस्थ सरकारी नोकरी करून संध्याकाळी तिथे यायचे आणि टंकलेखन करायचे. ५ डिसेंबर १९५६च्या रात्री बाबासाहेबांनी त्या पुस्तकाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं पुन्हा एकदा नजरेखालून घालायला मागितली. सकाळी ते उठले नाहीत. पार्थिव विमानाने मुंबईला गेलं. पुढचं चैत्यभूमीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अलीपूर रोडवर जाणारे मात्र फार नव्हते. का?

गांधीजींची हत्या झाली ते बिर्ला हाउस खासगी मालकीचं होतं. सरकारने ते १९७१मध्ये घेतलं आणि १९७३मध्ये लोकांसाठी खुलं केलं. नेहरू मे १९६४मध्ये गेले, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तीन मूर्ती भवनात संग्रहालय सुरू झालं. तीन मूर्ती सरकारचंच घर होतं, म्हणून ती तुलना मी फार ताणणार नाही. पण बिर्ला हाउस तर खासगी होतं ना? २६, अलीपूर रोड राष्ट्राला अर्पण झालं डिसेंबर २००३मध्ये, म्हणजे निधनानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. स्मारकाची इमारत उघडली १३ एप्रिल २०१८ला. मधल्या काळात मालक बदलले, मूळ बंगला गेला. आज तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराची नवी इमारत आहे, आत चांगलं प्रदर्शन आहे, जरूर बघा. पण ज्या खोलीत ती रात्र गेली, ती खोली तिथे नाही.

कागदांचीही अशीच हेळसांड झाली. महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली १९७६ला, पहिला खंड आला १४ एप्रिल १९७९ला. तोपर्यंत जे जपलं गेलं, ते मुख्यतः माणसांनी आपापल्या घरात जपलं.

तुम्ही पदवीधर आहात, कायदा वाचू शकता, म्हणून एक कायदा सांगते. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरायला ती वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. दिल्लीत ज्या घुमटांसमोर, किल्ल्यांसमोर निळी पाटी दिसते, ते याच कायद्याने जपलेले. नियम वरवर सरळ आहे. पण विचार करा, शंभर वर्षांपूर्वी दगडात बांधण्याची ऐपत कोणाची होती? आमच्या पणज्याने बादशहाचा मकबरा बांधायला दगड वाहिला असेल, पण त्याचं स्वतःचं घर कुडाचं. ते शंभर वर्षं टिकणार कसं? आमचा उभा राहिलेला इतिहास विसाव्या शतकातला आहे. वसतिगृहं, चाळी, सभांची मैदानं, छापखाने, भाड्याची घरं. या यादीत तो बसतच नाही. कोणी मुद्दाम बाहेर ठेवलं असं मी म्हणत नाही. मोजपट्टीच अशी आहे की आपण तिच्यात मावत नाही.

आता उलटा प्रकार बघा. पंचकुईया रोडजवळ, मंदिर मार्गावर वाल्मिकी मंदिर आहे. १ एप्रिल १९४६ ते १० जून १९४७ या काळात गांधीजी तिथे येऊन-जाऊन राहिले. एकूण २१४ दिवस, असा आकडा सांगितला जातो. त्यांची खोली जपून ठेवलेली आहे. २०१४च्या गांधी जयंतीला पंतप्रधानांनी याच वस्तीत झाडू मारून स्वच्छ भारत मोहीम सुरू केली. म्हणजे ही वस्ती इतिहासात दोनदा आली, आणि दोन्ही वेळा पाहुण्यामुळे. पाहुणा किती दिवस राहिला ते मोजलेलं आहे. यजमान किती पिढ्या झाडू मारतायत, ते कोणत्या पाटीवर आहे?

करोल बागेत रैगरपुरा आहे. तुम्ही तिथे स्वस्त जीन्स आणि बॅगा घ्यायला जाता, शेजारी सोन्याची दुकानं आहेत. रैगर ही राजस्थानातली चामड्याचं काम करणारी जात. वस्तीच्या नावात जात आहे, नाव रोज लाखभर लोकांच्या तोंडी आहे, आणि तरी ती माणसं कोण हे कोणी विचारत नाही. काही खुणा अशाही असतात, समोर असतात म्हणून दिसत नाहीत.

तुघलकाबादला रविदासांचं मंदिर होतं. सिकंदर लोदीने संतांना ती जागा दिली, असं परंपरा सांगते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १० ऑगस्ट २०१९ला डीडीएने ते पाडलं. त्याच महिन्यात रामलीला मैदानावर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातून माणसं आली. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने मंदिरासाठी ४०० चौरस मीटर जागा मान्य केली. कागद नव्हता, पाटी नव्हती, माणसांची आठवण होती. ती रस्त्यावर उतरली तेव्हा कोर्टाला ऐकावं लागलं. पण प्रत्येक वेळी एवढी माणसं जमत नाहीत हेही खरं.

नोएडाकडे जाताना डावी-उजवीकडे दगडी हत्ती दिसतात, ते राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ. १४ ऑक्टोबर २०११ला, धम्मदीक्षेच्या तारखेला, मायावतींनी ते खुलं केलं. पुढच्याच वर्षी निवडणुकीच्या काळात आयोगाच्या आदेशाने हत्ती कापडा-प्लास्टिकने झाकले. झाकलेला हत्ती उघड्या हत्तीपेक्षा जास्त छापून आला, ही गंमत. हयात नेत्याने स्वतःचा पुतळा उभारावा हे मला पटत नाही, तसं मी तिथे नेहमी म्हणते. पण 'एवढा पैसा, एवढा दगड' असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, यमुनेच्या काठी राजघाटापासून सुरू होणाऱ्या समाध्यांची एकरं कधी मोजलीत का? दगडाची भाषा या शहराने आपल्याला शिकवली. आपण तिच्यात बोललो तेव्हा ती उधळपट्टी झाली.

संसदेतल्या पुतळ्याबद्दल थोडंच सांगते. ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला तो पुतळा १९६७मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उभा राहिला. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागायला मात्र १९९० उजाडलं. जून २०२४मध्ये पुतळा मूळ जागेवरून हलवला, फुले, शिवाजी महाराज, गांधी यांच्यासह आवारातच 'प्रेरणा स्थळ' म्हणून एकत्र ठेवला. सोय झाली, असं सांगतात. पुतळा कोणाकडे तोंड करून उभा आहे आणि खासदाराला येता-जाता दिसतो की मुद्दाम बघायला जावं लागतो, यात फरक आहे. १४ एप्रिलला संसद मार्गावर जो मेळा भरतो, पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे यंदा जा आणि जुन्या माणसांना विचारा.

तुम्हाला हे सगळं का सांगते आहे? कारण तुम्हीसुद्धा या शहरात भाडेकरू आहात. मी नोकरीला आले तेव्हा एका घरमालकाने आडनाव विचारलं. मराठी आडनाव त्याला लागेना. मग म्हणाला, "वो तो ठीक है, पर होते क्या हो आप लोग?" मी सांगितलं. खोली त्याच संध्याकाळी 'भाचीसाठी' राखीव झाली. तुमच्यापैकी किती जणांना भाच्या भेटल्यात, हात वर करा. बघा.

तर काम असं आहे. आपल्यातल्या अनेकांच्या घरातलं पहिलं पदवीपत्र आपलंच आहे. ते मिळवताना आपण कुठे राहिलो हे कोणी लिहून ठेवत नाही. गावाकडचं समाजकल्याणचं वसतिगृह, पुण्यातली कॉट बेसिस, इथली मुखर्जीनगरची बिनखिडकीची खोली. प्रत्येकाने एका पानावर आपले पत्ते लिहा. घर क्रमांक, गल्ली, महिना, भाडं, खोली का सोडली. आई-वडिलांचेही लिहा, ऊसतोडीच्या कोप्यांसकट. ज्यांच्या घरी जुनी मंडळी बाबासाहेबांना दिल्लीत किंवा नागपुरात पाहिलेली असतील, त्यांच्याशी फोनवर आजच बोला आणि रेकॉर्ड करा. त्या पिढीतली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहाला सिव्हिल लाइन्स मेट्रोच्या बाहेर जमू. तिथून अलीपूर रोडला चालत जाऊ, दुपारनंतर मंदिर मार्ग. येताना नववा खंड ज्याच्याकडे असेल त्याने आणा, आणि ते लिहिलेलं पानही. चहाचे पैसे माझ्याकडे.