आपल्या गावच्या भिंती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी ‘गावाचे सुशोभन’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. सुशोभन म्हटले की रंगाचे डबेच डोळ्यांपुढे येतात, आणि एकदा डबे आले की भिंत कोणाची, चित्र कशाचे आणि पुढे ते सांभाळायचे कोणी, हे प्रश्न मागे पडतात. श्रीगोंद्यातल्या सार्वजनिक जागी चित्रे आणि शिल्पे कशी असावीत, याची एक योजना आपले मंडळ नगरपरिषदेपुढे ठेवणार आहे. त्या योजनेत काय असावे आणि काय नसावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा थोडी परखड बोलले तर सांभाळून घ्यावे.

२०१६ पासून देशात शहरांच्या स्वच्छतेचे सर्वेक्षण होऊ लागले आणि कुंपणाच्या भिंती रंगवण्याची लाट आली. हेतू चांगलाच होता. परंतु कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, तोच नळ, तेच झाड, तोच पृथ्वीचा गोळा आणि तीच पाटी-दप्तर घेतलेली मुलगी! गावाचे नाव झाकले तर आपण श्रीगोंद्यात आहोत, की कर्जतला, की आणखी कुठे, ते त्या भिंतीवरून कळत नाही. ज्या चित्रावरून गाव ओळखू येत नाही, त्यासाठी गावाने पैसे का खर्चावेत, असे मला वाटते.

सार्वजनिक कला ही काही शहरातून आलेली नवी टूम नव्हे. आपल्या भागात वेशीजवळ, देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. गाई राखताना, गाव राखताना पडलेल्या माणसाची आठवण दगडात कोरून ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवायची, ही सार्वजनिक कलाच झाली. आणि आपल्या बायकांची तर रोजची! चैत्रात अंगणात चैत्रांगण निघते: गौरीचा झोपाळा, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती. रस्त्याने जाणारा कोणीही ते पाहू शकतो. त्याला तिकीट नाही आणि खाली सहीही नाही. संध्याकाळपर्यंत ते पुसले जाते, म्हणून त्याला कोणी कला म्हणत नाही एवढेच.

आता इतरांनी काय केले ते पाहू. पाचगणीजवळच्या भिलारला राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू केले. प्रारंभी २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तके ठेवण्यात आली, आणि स्वयंसेवी चित्रकारांनी त्या त्या घराच्या भिंती तिथल्या पुस्तकांना शोभतील अशा रंगवल्या. मला त्यातली चित्रांपेक्षा मांडणी अधिक आवडते. भिंत घरमालकाची, पुस्तके त्याच्या ओसरीवर, पाहुणा त्याच्याच दारात. त्यामुळे चित्राला आपोआप राखणदार मिळाला. मुंबईत घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवरच्या वस्तीतही २०१७-१८ च्या सुमारास घरांच्या बाहेरच्या भिंती स्वयंसेवकांनी रंगवल्या. मेट्रोतून दिसणारा तो देखावा फार गाजला, आणि नुसत्या रंगाने वस्तीच्या अडचणी सुटतात काय, अशी टीकाही झाली. रंग लावणाऱ्यांच्या मनाविषयी मला शंका नाही. पण चित्र कोणासाठी काढायचे, गाडीतून जाणाऱ्यासाठी की भिंतीपाठीमागे राहणाऱ्यासाठी, हे आधी ठरले पाहिजे.

दूरचे एक उदाहरण देते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९५९ साली पुनर्विकासाच्या बांधकामांसाठी असा नियम झाला की, खर्चातला एक टक्का कलाकृतीसाठी राखून ठेवायचा. पुढे १९८४ मध्ये तिथेच, भिंती खराब करणाऱ्या तरुण पोरांना हाताशी धरून भित्तिचित्रांचे काम सुरू झाले. आज तिथे अशी हजारो चित्रे झाली आहेत. आपली नगरपरिषद लहान, तिच्याकडे एक टक्का मागण्यात धाडस आहे, हे मी जाणते. पण नवी इमारत, नवा बगीचा किंवा नवे प्रवेशद्वार यांच्या अंदाजपत्रकात कलेसाठी लहानशी का होईना, एक ओळ असावी, अशी विनंती करायला काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. श्रीगोंद्यात चित्र कशाचे काढायचे?

आपल्या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून ते पडले, अशी परंपरा आहे. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. मालोजीराजांनी आपले द्रव्य ज्या शेषो नाईक पुंड्यांकडे ठेवले असे बखरी सांगतात, ते सावकारही चांभारगोंद्याचेच. पुढे नाव श्रीगोंदा झाले. ‘श्री’ आली याचा आनंदच आहे, पण ज्याच्या नावावर गाव उभे आहे त्याचा व्यवसाय मात्र नावातून गेला. गावात गोविंदाची आठवण ठळकपणे दिसेल अशी भिंत असावी, असे मी कार्यकारिणीत सुचवले, तेव्हा दोघीतिघी जरा चपापल्या. एक वहिनी म्हणाल्या, “अहो, जातीचे नाव कशाला पुन्हा उकरायचे?” त्यांचा संकोच मला कळतो. जातीवरून हाक मारण्याची रीत गेली ती बरीच झाली. पण जात विसरण्याच्या नावाखाली माणूसच विसरला जात असेल, तर त्याला काय म्हणावे?

गोविंदाचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही, आणि कल्पनेने दाढीमिशा काढून एक नवा संत उभा करू नये असे माझे मत आहे. काढायचे ते त्याचे काम काढावे. रापी, आरी, दोरा आणि मोट! विहिरींवर इंजिने आली नव्हती तेव्हा आपल्या कोरडवाहू मुलखात मळा पिकत असे तो कातड्याच्या मोटेवर. मोट फाटली की ती शिवून देणारे हात चांभाराचेच. आज गावातल्या निम्म्या मुलांनी मोट पाहिलेली नाही. धावेवरून उतरणारी बैलजोडी, थारोळ्यात पडणारे पाणी आणि बाजूला मोट शिवत बसलेला माणूस, एवढे चित्र पुरे.

मात्र एक अट. हे चित्र आपण ठरवून मोकळे व्हायचे नाही. गावातल्या चर्मकार कुटुंबांकडे आधी जायचे, त्यांच्या आयाबहिणींशी बोलायचे, आणि चित्र निवडणाऱ्या समितीत त्यांना बसवायचे. केवळ उद्‌घाटनाच्या दिवशी हार घालायला बोलावण्यात अर्थ नाही. त्यांनी ‘नको’ म्हटले तर चित्र होणार नाही. ‘हवे, पण असे नको’ म्हटले तर ते म्हणतील तसे होईल.

दुसरे स्थान अर्थातच शेख महंमद महाराजांचे. जन्माने मुसलमान, चांद बोधल्यांचे शिष्य, ‘योगसंग्रामा’चे कर्ते, आणि हिंदू-मुसलमान दोघांनाही वंदनीय. त्यांचेही चित्र काढू नये. त्यांनी आपल्याला शब्द दिले, ते शब्दच रस्त्यावर यावेत. समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांच्या मोजक्या ओव्या काळ्या दगडात कोराव्यात. त्या निवडायला दोन्ही समाजांतली माणसे एकत्र बसवावीत. निवडायला वर्ष लागले तरी चालेल. त्या निमित्ताने ‘योगसंग्राम’ घरोघरी उघडला जाईल, हा लाभ काय थोडा आहे?

तिसरी जागा आपली, बायकांची. एस. टी. स्थानकावर लेकरे आणि बोचकी घेऊन ताटकळणाऱ्या बायांपुढे चैत्रांगण असावे. फरशीच्या कपच्या जुळवून केले तर ते झिजणार नाही. त्याला मोठा चित्रकार नको. आपल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आज्यांचे हात हवेत. त्यांनी आखायचे, मुलींनी भरायचे.

आणि जिथे काहीच करू नये अशा जागाही योजनेत लिहून ठेवल्या पाहिजेत. शिंद्यांचे वाडे, जुनी देवळे, पेडगावची कोरीव मंदिरे यांच्या दगडाला रंगाचे बोटही लागू नये. देऊळ ‘स्वच्छ दिसावे’ म्हणून तैलरंग फासतात, त्याने दगडातली ओल आत कोंडते, कोरीव काम बुजते आणि पुढे रंग खरवडताना पापुद्रे निघतात. अशा ठिकाणी झाडलोट आणि माहितीची एक सुबक पाटी एवढीच सेवा. पुतळ्यांच्या भानगडीतही आपण पडू नये. त्याला शासनाची परवानगी लागते आणि पुढे जयंती-पुण्यतिथीला निगराणीही लागते.

थोडे कामाचे बोलते. दुसऱ्याच्या भिंतीवर परवानगीवाचून काही रंगवणे हा १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून मालकाची संमती कागदावर घ्यायची. चुन्याच्या जुन्या थरांवर रंग टिकत नाही. भिंत खरवडून, भेगा बुजवून, अस्तर देऊन मगच हात लावायचा. नवा गिलावा पुरता वाळू द्यायचा. काम दिवाळीनंतर काढायचे आणि उन्हाच्या आत संपवायचे. पश्चिमेची भिंत उन्हाने लवकर विटते, तिथे चित्रापेक्षा दगड किंवा फरशी बरी. तळाचा दोन फुटांचा पट्टा साधा ठेवायचा, कारण पावसाचे शिंतोडे आणि पानाच्या पिचकाऱ्या दोन्ही तिथेच येतात. पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून देवाच्या फरश्या चिकटवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी करतात. देवाला असे पहाऱ्याला बसवणे मला मुळीच पसंत नाही.

जमलेल्या पैशांतले शंभरातले वीस रुपये पहिल्याच दिवशी देखभालीसाठी बाजूला काढायचे आणि प्रत्येक भिंतीला दोन घरे राखणदार म्हणून नेमायची. ज्या भिंतीला अशी दोन घरे मिळणार नाहीत, ती योजनेतून वगळायची. पहिल्या वर्षी तीनच कामे घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगते. तीस भिंती रंगवू म्हणणारे ठेकेदार येतील, त्यांना चहा देऊन निरोप द्यावा.

चिटणीसबाईंकडे दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत राखणदार घरांची नावे लिहायची आहेत. दुसरीत ज्यांना चैत्रांगणाची जुनी चिन्हे येतात त्यांनी ती काढून द्यावीत. वाकडीतिकडी आली तरी चालतील. गोविंदाच्या चित्रासंबंधी बोलायला आम्ही तिघी येत्या रविवारी दुपारी निघणार आहोत. ज्या वहिनींनी शंका काढली, त्यांनीही बरोबर यायचे कबूल केले आहे. आणखी कोणाला यायचे असेल तर तीन वाजता मंडळाच्या पायरीशी थांबावे.