बूट आणि काटे यांचा जोडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे नाव पुकारले तेव्हा पुष्कळजणींना वाटले असेल, की ही आता लोणच्यावर नाहीतर शिवणावर बोलणार. पण आज मी बर्फावर चालायच्या बुटांविषयी बोलणार आहे. हसू नका. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे सांगते ते माझ्या पुतणीकडून शिकलेले आहे. ती उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकून आली आहे.

आपल्या गावात बर्फ पडत नाही. उन्हाने मात्र जीव नकोसा होतो. तरी याच गावचे पोलीस शिपाई रफीक शेख २०१६ साली एव्हरेस्टवर पोचले, आणि २०१८ साली आपल्या प्राध्यापिका मनीषा वाघमारे पोचल्या. आता आपल्या घरच्या मुलीही हिमालयात जाऊ म्हणतात. आपण आया-काकवा “पडशील गं” एवढेच म्हणतो. माणूस पडतो कशाने, हे मात्र विचारीत नाही.

कडक बर्फावर बुटाचा रबरी तळ घसरतो. म्हणून त्याखाली पोलादी काट्यांची चौकट बसवतात. तिला क्रॅम्पॉन म्हणतात. १९०८ साली एकेनस्टाईन नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाने दहा काट्यांची चौकट आखली आणि इटलीतल्या ग्रिव्हेल नावाच्या लोहाराकडून ती घडवून घेतली. पुढे १९२९ साली त्याच घराण्याने पुढच्या बाजूला दोन काटे वाढवले. त्यामुळे उभ्या बर्फात पायाचा चवडा रोवता येऊ लागला.

आता मुख्य गोष्ट. बूट उत्तम आणि काटेही उत्तम, तरी दोघांचे जुळेलच असे नाही. स्थळे दोन्ही चांगली, पण पत्रिका जमत नाही, तसेच हे. आधी बूट पाहावा. त्याचा तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. थोडा वाकत असेल तर पट्ट्यांनी बांधायचे काटे घ्यावेत. तळ चांगला ताठ असून टाचेला मागे खाच असेल, तर मागे खटका आणि पुढे पट्टा असलेले चालतात. पुढे तारेची कडी आणि मागे खटका असलेले काटे मात्र तळ अगदी ताठ आणि पुढेमागे दोन्हीकडे खाच असेल तरच घ्यावेत. मऊ बुटाला ताठ चौकट बांधली, तर पावलागणिक बूट वाकतो, चौकट वाकत नाही. मग खटका सुटतो, नाहीतर मधली पट्टी मोडते.

बुटाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराने पाय थोडा फुगतो. जे जाड मोजे घालून चढायचे, तेच घालावेत. बोटे आत हलली पाहिजेत, टाच उचलता कामा नये, आणि उतारावर उभे राहिल्यास अंगठा पुढे आपटता कामा नये. बूट आवळ असेल तर रक्त फिरत नाही, आणि तिथल्या थंडीत बोटे गमावायची पाळी येते.

मग चौकट बुटाच्या लांबीला लावून घ्यावी. पुढचे काटे बुटाबाहेर साधारण दोन सेंटिमीटर यावेत. त्यानंतर पट्टे न आवळता, खटका न लावता बूट उचलून हलवावा. चौकट तशीच चिकटून राहिली तर माप बरोबर. खाली पडली तर पुन्हा जमवावे. डावा-उजवा नीट पाहावा. बकले पायाच्या बाहेरच्या अंगाला हवीत. आत असली तर दुसऱ्या पायाचे काटे त्यांत अडकतात. पट्ट्याचे लोंबते टोकही खोचावे. थोडे चालून झाले की पट्टे पुन्हा तपासावेत. हे सारे घरी, हातमोजे घालून, दहा वेळा करावे. कारण शिखराची चढाई बहुधा रात्री अंधारातच सुरू होते.

गेल्या वर्षी पुतणी एका दुकानी भाड्याचे काटे घ्यायला गेली. बूट हलवताच चौकट गळून पडली. दुकानदार म्हणाला, “दोरीने बांधा, चालून जाईल.” बरोबरच्या मंडळींना निघायची घाई. तेही म्हणाले, “घे जुळवून.” ती म्हणाली, “जुळल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही.” दोन तास गेले, बोलणी बसली; पण तिसऱ्या दुकानी बरोबर बसणारा जोड मिळाला.

भगिनींनो, आपण मुलींना लहानपणापासून “जुळवून घे” असेच शिकवतो. संसारात ते कुठेकुठे उपयोगी पडत असेल. बर्फावर मात्र ते जिवाशी येते. तेव्हा आपल्यापैकी कुणाची लेक डोंगरावर निघाली, तर लाडवांचा डबा जरूर द्या. पण आधी तिला अंगणात बसवून बूट हलवून दाखवायला सांगा. चौकट पडली तर तिला थांबवा, आणि नाही पडली तर मोकळ्या मनाने जाऊ द्या.