प्रत्येक वाहणारे नाक म्हणजे सर्दी नव्हे
(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



'बंगळूरला आलो आणि सर्दी मागे लागली,' ही तक्रार आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येते. पण नाकाला सूज येण्याची कारणे वेगवेगळी असतात.

पहिली विषाणूंची सर्दी. घसा खवखवतो, अंग दुखते, कधी कणकण येते. बहुधा आठ-दहा दिवसांत ती आपोआप बरी होते. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाहीत.

दुसरी ॲलर्जीची. लागोपाठ शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, नाका-डोळ्यांना खाज. ताप मात्र नाही. धूळ, झुरळे, परागकण ही तिची कारणे. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले गाजरगवत इथेही फोफावले. ते खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरातच सोडण्यात आले, तरी गवत आहेच! त्याचे पराग अनेकांना बाधतात. अशा रुग्णांना दम्याचाही धोका अधिक असतो.

तिसऱ्या प्रकारात गार वारा, उदबत्तीचा धूर किंवा उग्र वास पुरतो. नाक चोंदते, वाहते. पण खाज सहसा नसते आणि ॲलर्जीच्या तपासणीत काही सापडत नाही.

चौथा प्रकार आपणच ओढवून घेतो. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, की त्यांच्यावाचून नाक उघडेनासे होते.

म्हणून डॉक्टरांना नुसते 'सर्दी झाली' असे सांगू नका. त्रास केव्हा, कुठे, कशाने होतो, खाज येते का, कोणते थेंब चालू आहेत, हेही सांगा. औषध त्यावरच ठरते. एकाच नाकपुडीतून सतत पाणी किंवा रक्त येत असेल, तर मुळीच थांबू नका.